पीयूसीत न सापडणारा वायू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लॉकडाऊनमधल्या शुद्ध हवेची आठवण काढणारे लेख दर मार्चअखेर छापून येतात. जालंधरहून धौलाधारचे डोंगर दिसले, मुंबईचं आकाश निळं झालं. सारांश, गाड्या थांबल्या आणि हवा सुधारली. चिपळूणला हायवेलगत माझं पीयूसी केंद्र आहे. पोट गाड्यांवर, तेव्हा गाडीवाल्यांची कड घेतोय असं खुशाल म्हणा, पण हे अर्धंच खरं आहे.

२५ मार्च २०२० नंतर हायवेवर आंब्याची, दुधाची, औषधांची वाहनं तेवढी दिसत. एसटी डेपोत उभी, चौपदरीकरणाचं काम बंद, घाटातली लाल धूळ खाली बसलेली. तरीही एप्रिलमध्ये पहाटे दार उघडलं की धुराचा वास यायचाच. भाजावळीचे, म्हणजे भाताची रोपं करायची जागा भाजून घेण्याचे दिवस ते. शेण, कवळ (तोडलेल्या डहाळ्या), पातेरा (वाळका पाला), गवत आणि वर मातीचा थर लावून दाढ, म्हणजे रोपांची ती जागा, पेटवतात, तीही वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे ज्वाळा न उठता धुमसत राहील. धुमसणाऱ्या आगीतूनच सगळ्यात जास्त बारीक कण निघतात. रात्री मतलई वारा मंद असतो, त्यामुळे वाशिष्ठीच्या खोऱ्यात तो धूर सकाळपर्यंत रेंगाळतो; दुपारी खारा वारा सुटला की मोकळं होतं. शेतकऱ्याला मी नावं ठेवणार नाही, त्याचं काम थोड्या दिवसांचं. पण घरी अडकलेल्या आम्ही मंडळींनी माळे आवरले आणि वेष्टनं, पिशव्या, फाटक्या चपला परसात पेटवल्या, त्याचं काय? राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घालून ५ हजार रुपये दंड ठरवला आहे. आमच्या आळीत तो कुणी भरल्याचं मी ऐकलेलं नाही.

गाड्यांमुळे फरक पडला तो मुख्यतः नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये. युरोपीय उपग्रहाच्या नोंदीत मुंबई-दिल्लीवरचा हा वायू आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी घटलेला दिसला. बारीक कण मात्र अनेक ठिकाणी तेवढे घटले नाहीत, कारण चुली, कचरा आणि कोळशावरची वीजकेंद्रं चालूच होती. काही शहरांत तर जमिनीलगतचा, श्वासाला त्रासदायक असलेला ओझोन वाढला. गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड एरवी ओझोनला खाऊन टाकतो. खाणारा कमी झाला, ओझोन शिल्लक राहिला. आकाश निळं दिसतं म्हणून हवा चांगली, असं डोळ्यांवर विसंबून ठरवता येत नाही ते यामुळे.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरात मी नळी घालतो आणि कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन मोजतो. डिझेल गाडी रेस करून धुराचा काळेपणा बघतो. बीएस-४ (भारत स्टेज-४ हे धुराचे सरकारी निकष) गाड्यांना मर्यादा ५० एकक, त्याआधीच्या गाड्यांना ६५. नायट्रोजन ऑक्साइडचा (वरचे नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड दोन्ही त्यात आले) रकानाच नाही! लॉकडाऊनमध्ये जो वायू सर्वाधिक घटला म्हणून आपण हरखलो, तो माझं यंत्र मोजतच नाही. त्यातून डिझेल इंजिनाची गंमत अशी की ज्वलन जास्त तापवून काळा धूर कमी केला, तर हाच वायू वाढतो. म्हणजे माझ्याकडे उत्तम रिडिंग देणारा टेम्पो हा वायू भरपूर ओकत असू शकतो. (गाडी न आणता नुसत्या फोटोवर प्रमाणपत्र मागणाऱ्यांबद्दल आज लिहीत नाही.)

ऐन लॉकडाऊनमध्ये, १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि डिझेल मोटारींसाठी या वायूची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. चांगलं झालं. पण ही तपासणी मॉडेलला मान्यता देताना होते. गाडी पाच-सात वर्षं घाटात घासल्यावर ती मर्यादा पाळते की नाही, हे पीयूसीत कळायला मार्ग नाही.

परिवहन खात्याने पीयूसीत नायट्रोजन ऑक्साइडची चाचणी आणावी, एवढी मागणी आपण लावून धरावी. नवं यंत्र घ्यावं लागेल, दर वाढतील, माझ्या काउंटरवर लोक भांडतील. ते मी बघून घेईन. आणि परसातल्या धुराबद्दल लिहायला आपल्या वार्ताहराला फार लांब जावं लागणार नाही, कुठल्याही गावात सकाळी साडेसहाला फिरावं.

आपला,
एक पीयूसी केंद्रचालक, चिपळूण