मणिभवनच्या ग्रंथालयात भेटलेल्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

मी परळच्या एका मराठी शाळेत सातवीला इतिहास शिकवते. पावसाळा संपता संपता आमचा वर्ग गावदेवीला गांधीजींचं स्मारक असलेलं मणिभवन पाहायला आला होता. तुम्ही तळमजल्यावरच्या ग्रंथालयात वाचत बसला होतात. आपलं वाचन बाजूला ठेवून आमच्याबरोबर वर आलात आणि सगळी दुपार मुलांना दिलीत. निघताना मुलांनी नाव विचारलं, तर "मी इथला कुणी नाही, वाचायला येतो," एवढंच म्हणालात आणि पुन्हा पुस्तक उघडलंत. म्हणून हे पत्र असं जाहीर लिहिते आहे. तुमच्या ओळखीतल्या कुणाच्या वाचनात येईल आणि तुमच्यापर्यंत पोचेल, अशी आशा आहे.

तुम्ही काय केलंत हे सविस्तर लिहायचं आहे, कारण नुसतं "आभारी आहे" म्हणून माझं समाधान होणार नाही.

अशी जुनी घरं पाहायला मुलांना नेलं की काय होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. रांग लावा, आवाज करू नका, हात लावू नका, पुढे चला. जिन्यावरचे फोटो चालता चालता बघायचे, खोलीत डोकावायचं, वहीत दोन ओळी उतरवायच्या आणि डबे उघडायला मैदान शोधायचं. मणिभवन हे घर तसं मोठं नाही. घाई केली तर अर्ध्या तासात "बघून" होतं. त्या दिवशी तसंच व्हायची वेळ आली होती. पण आमच्यातल्या एकाने ग्रंथालयाच्या दारातून तुम्हाला विचारलं, "आजोबा, गांधीजी इथे खरंच राहायचे?"

तुम्ही म्हणालात, "राहायचे नाहीत रे, उतरायचे. घर दुसऱ्याचं होतं."

पाठ्यपुस्तकात वाचलेली माहिती त्या उत्तराने एकदम घरगुती झाली. घर रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं, गांधीजींच्या मित्राचं. 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईत आले की मुक्काम इथे. आमच्या मुलांना पाहुणा म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. चाळीतल्या एका खोलीत गावाहून आलेला मामा नोकरी लागेपर्यंत राहतो, हे त्यांच्या रोजच्या बघण्यातलं. "मग झवेरींच्या घरच्यांना त्रास नाही व्हायचा? एवढी माणसं भेटायला यायची ना?" असं एका मुलीने विचारलं, तेव्हा तुम्ही हसला नाहीत. कुणाला घरात घेतलं की त्याच्याबरोबर त्याचे पोलीसही घरात येतात, आणि झवेरींनी ते चालवून घेतलं, असं तुम्ही तिला सांगितलंत. यजमानाविषयी इतक्या आपलेपणाने बोलताना मी तिथे दुसऱ्या कुणाला ऐकलेलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर, काचेपलीकडच्या खोलीसमोर, तुम्ही मुलांना काहीच सांगितलं नाहीत. फक्त विचारलंत, "या खोलीत काय नाही?" मुलं काचेला नाक लावून बघू लागली. पलंग नाही. खुर्ची नाही. आरसा नाही. बराच वेळ "नाही"ची यादी वाढत गेली आणि मग आपोआप नजर जे आहे त्याच्यावर गेली. जमिनीवरची गादी, चरखे, बैठं मेज. एरवी त्या काचेसमोर माणसं फोटो काढण्यापुरती थांबतात. आमची मुलं हलायला तयार नव्हती.

चरख्याची गोष्ट तुम्ही तिथेच सांगितलीत. आजारपणात गांधीजी मुंबईत अंथरुणाला खिळले होते, खोलीत चरखा फिरू लागला आणि त्याच्या गुणगुणण्याने आपल्याला बरं वाटायला मदत झाली, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. 1919 च्या जानेवारीत आजारपणाने अंगात ताकद उरली नव्हती आणि दूध न पिण्याचा नेम होता. तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट काढली. "म्हणजे बांनी गांधीजींनाच कात्रीत पकडलं!" असं कुणीतरी ओरडलं. आणि तो पिंजारी! रोज या घरावरून जाणाऱ्या पिंजाऱ्याकडून गांधीजी कापूस पिंजायला शिकले, हे तुम्ही सांगितलंत मात्र, आमच्या वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी पुढे झाली. तिचे आजोबा सोलापूरहून मुंबईत आले, दारोदार फिरून गाद्या पिंजत. पिंजणीच्या तातीचा आवाज तिने तोंडाने काढून दाखवला. तुम्ही तो पुन्हा काढायला सांगितलात आणि डोळे मिटून ऐकलात. तिच्या आजोबांच्या कामाचा या घराशी संबंध आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. वर्षभर मी जे करू शकले नसते ते तिथे झालं, काका. ती आता वर्गात बोलते.

बाहुल्यांच्या दालनात मुलं रमली, त्याबद्दल फार लिहीत नाही. हिटलरला "प्रिय मित्र" म्हणून लिहिलेल्या 1939 च्या पत्राची प्रत वाचून त्यांच्यात जो वाद पेटला, तो ग्रँट रोड स्टेशनपर्यंत चालू होता. गच्चीचं सांगताना तुम्ही थोडक्यात आटोपलंत : 4 जानेवारी 1932 ची पहाट, वर तंबू, तंबूत झोपलेले गांधीजी आणि त्यांना अटक करायला आलेले पोलीस. पण 1921 च्या नोव्हेंबरचं मात्र सावकाश सांगितलंत. प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरले त्या दिवशी शहरात दंगल उसळली, माणसं मेली आणि दंगल करणाऱ्यांत आपल्याच बाजूचे लोक आहेत म्हणून गांधीजींनी 19 तारखेला याच घरात उपोषण सुरू केलं. दंगल म्हणजे काय ते आमच्या मुलांनी घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेलं आहे. "आपल्याच बाजूच्या लोकांसाठी उपाशी राहिले?" हा प्रश्न एकाने स्वतःशीच विचारल्यासारखा विचारला.

आणि मग तो दुसरा प्रश्न आला. खरं तर हे पत्र त्याच्यासाठीच आहे.

जिना उतरताना आमच्या एका मुलाने तुम्हाला विचारलं, "बाबासाहेब इथे कधी आले होते का?" त्याच्या घरी भिंतीवर एकच तसबीर आहे. परळच्या ज्या बीआयटी चाळीत बाबासाहेब 1934 पर्यंत राहिले, ती आमच्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. प्रश्न विचारून तो जरा मागे सरकला, कारण हा प्रश्न इथे विचारावा की नाही याची त्याला खात्री नव्हती. मला ती भेट माहीत होती आणि उत्तर द्यायला मी तोंड उघडणार होते. तेवढ्यात तुम्ही पायरीवर बसलात. "चांगलं विचारलंस. बसा सगळे कडेला." येणारे-जाणारे पर्यटक आमच्या शेजारून वाट काढत होते आणि तुम्ही सांगत होतात.

1931 चा ऑगस्ट. दोघांनाही लंडनच्या गोलमेज परिषदेचं बोलावणं. गांधीजींनी चिठ्ठी पाठवली की आज रात्री भेटायला येतो. बाबासाहेब सांगलीहून नुकतेच परतले होते, अंगात ताप होता. बरं वाटलं की मीच येतो, असं त्यांनी कळवलं. 14 ऑगस्टला दुपारी ते इथे आले. दुसऱ्या दिवशी त्यांची बोट सुटणार होती. एकाचं वय 61, दुसऱ्याचं 40. "तुम्ही आज परळहून आलात ना? तेही परळहूनच आले होते. याच घरात." तेव्हा मुलांनी पायऱ्यांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला विसरता येत नाही.

पुढचं तुम्ही मऊ केलं नाहीत. काँग्रेसने अस्पृश्यता निवारणावर वीस लाख खर्च केले, असं गांधीजींनी सांगितल्याचं सांगितलंत आणि तो पैसा वाया गेला, हे बाबासाहेबांचं उत्तरही सांगितलंत. "गांधीजी, मला मायभूमी नाही," हे वाक्य तुम्ही भाषणाच्या सुरात म्हटलं नाहीत, घरात कुणी कुणाला सांगावं तसं हळू म्हटलंत. मग महाड, 1927, चवदार तळं. ज्या देशात प्यायला पाणी मिळत नाही त्याला आपला कसा म्हणू, असं माणूस समोर बसून विचारतो तेव्हा समोरच्याने काय म्हणायचं, असं तुम्ही मुलांनाच विचारलंत. कुणी बोललं नाही. त्यावर तुम्ही सांगितलंत की त्या वेळी गांधीजी बाबासाहेबांना ब्राह्मण समजत होते. अस्पृश्यांविषयी कळकळ असलेला कुणी ब्राह्मण. खरं काय ते त्यांना नंतर, लंडनला गेल्यावर कळलं.

"म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं?"

"नव्हतं. एवढा मोठा माणूस, पण माहीत नव्हतं. आणि हे याच घरात बसून सांगायला हवं."

काका, या एका उत्तरासाठी मी तुमची ऋणी आहे. तुम्ही उघडपणे गांधीजींवर प्रेम करणारे. खोलीसमोर उभे असताना तुमचा चेहराच ते सांगत होता. तरी त्या मुलाचा प्रश्न तुम्ही टाळला नाहीत. त्याला खूश करण्यासाठी गांधीजींना झोडपलंही नाहीत. कुणीतरी "मग भांडण मिटलं का?" असं विचारलं, तर म्हणालात, "1932 च्या सप्टेंबरात पुण्याला करार झाला. मिटलं, असं मी म्हणणार नाही." मोठी माणसं मुलांशी इतकं सरळ बोलत नाहीत. आम्ही शिक्षकही बहुतेक वेळा शेवट गोड करून देतो.

जुनं घर दाखवणं म्हणजे त्यात राहिलेल्या माणसाची आरती करणं, अशीच बहुतेकांची समजूत असते. मुलांना ती आरती पाठ असते आणि म्हणून कंटाळा येतो. तुम्ही त्यांना घरात आलेल्या प्रत्येकाकडे बघायला लावलंत. यजमान, पिंजारी, बा, पोलीस आणि ज्याचं म्हणणं यजमानाच्या पाहुण्याला पटलं नाही तो माणूससुद्धा. माझ्या मते घर असंच दाखवायला हवं आणि मी आता तसंच दाखवणार आहे.

तुम्ही निरोप घेताना म्हणाला होतात, "आता राजगृह बघा, मग बोलू." दिवाळीनंतर आम्ही दादरच्या हिंदू कॉलनीत जाऊन आलो. बाबासाहेबांनी हे घर पुस्तकांसाठी बांधलं, पन्नास हजारांहून अधिक पुस्तकं इथे होती, हे सांगितल्यावर तुमचाच प्रश्न मुलांनी मला विचारला : "बाई, इथे काय नाही ते शोधायचं का?" मी म्हटलं, शोधा. तळमजल्यावरच्या स्मारकात ती बराच वेळ फिरली. मायभूमी नाही म्हणणाऱ्या माणसाने थोड्याच वर्षांत एवढं मोठं घर बांधलं, याचं त्या मुलाला फार अप्रूप वाटलं. त्याने वहीत लिहिलं आहे, "गांधीजी दुसऱ्यांच्या घरात राहिले कारण त्यांना कुठेही घर मिळत होतं. बाबासाहेबांना बडोद्यात भाड्याने खोलीसुद्धा मिळाली नाही म्हणून त्यांनी स्वतःचं बांधलं." मी त्यात एक अक्षर बदललं नाही. तुमचं यावर काय म्हणणं आहे, हे त्याला हवं आहे.

त्याचा आणखी एक प्रश्न आहे. 14 ऑगस्टला मणिभवनातून निघाल्यावर बाबासाहेब परळला कशाने गेले, ट्रामने की टॅक्सीने? वर्गात दोन तट पडले आहेत.

आमच्याकडे शुक्रवारी शेवटची तासिका वाचनाची असते. तुम्ही एकदा याल का? प्रभादेवी स्टेशनवर मुलं घ्यायला येतील, ती तुम्हाला लांबूनही ओळखतील. पिंजाऱ्याच्या नातीने आजोबांची जुनी पिंजण गावाहून मागवली आहे आणि ती तुम्हाला दाखवायची आहे.

आपली,
सातवीची वर्गशिक्षिका, परळ