नांदेडच्या ताईंना, २.६७५ चा उलगडा केल्याबद्दल

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

लातूरच्या मोंढ्यातल्या आडतींसाठी हिशोबपट्टीचे प्रोग्राम लिहिणारे आम्ही काही जण तुमचे जाहीर आभार मानत आहोत. परभणी-हिंगोलीकडे हेच काम करणाऱ्यांनाही तुमची पद्धत कळावी, म्हणून तपशिलासह लिहितो.

पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत किलोचे क्विंटल करून दोन दशांश स्थळांपर्यंत राउंड केलं (जवळच्या आकड्यावर आणलं) की १६७.५ किलोचे १.६८ होतात, आणि २६७.५ किलोचे मात्र २.६७. एका शेतकऱ्याला अर्धा किलो जास्त, दुसऱ्याला अर्धा किलो कमी. मोंढ्याच्या हिशोबात अर्धा वर जातो, म्हणून २.६८ हवे होते, म्हणजे फरक एका किलोचा. सोयाबीनचा भाव ४,५०० रुपये क्विंटल धरला तर एका पट्टीत ४५ रुपये. शेतकऱ्याच्या घामाचे पैसे आहेत ते.

'दशांशाचं असंच असतं' एवढं सांगून बरेच जण मोकळे होतात. आम्ही विचारलं तेव्हा तुम्ही मात्र आधी प्रोग्रामचा चार ओळींचा नमुना मागितलात. डेटाबेस नको, पट्टीचा फॉर्म नको, स्क्रीनशॉट तर नकोच. कॉपी करून लगेच चालवता येईल एवढाच कोड. सोबत पायथॉनची आवृत्ती, कारण पायथॉन २ मधलं राउंड नेमक्या अर्ध्यावरच्या आकड्याला शून्यापासून दूर नेतं आणि पायथॉन ३ मधलं सम अंकाकडे, म्हणजे शेवटचा अंक सम येईल त्या बाजूला. मग साठवलेला खरा आकडा छापायला लावलात: डेसिमल(२.६७५), अवतरणचिन्हांशिवाय. डेसिमल म्हणजे दशांश आकडे तंतोतंत ठेवणारा पायथॉनचा प्रकार. आलं २.६७४९९९९९९९९९९९९८२२३६… आणि पुढे बरंच काही. संगणक असा आकडा बायनरीत, म्हणजे ० आणि १ या अंकांत, ५३ बिटांत (जागांत) साठवतो; त्यात बसणारा २.६७५ चा सर्वांत जवळचा आकडा अर्ध्याच्या किंचित खाली आहे. १.६७५ चा किंचित वर निघतो.

ही पायरी सगळ्यात मोलाची, कारण तिच्यामुळेच २१२.५ किलोचं प्रकरण वेगळं पडलं. २.१२५ म्हणजे दोन आणि एक अष्टमांश. तो बायनरीत तंतोतंत बसतो. तिथे खरोखरच अर्धा आहे, तरी उत्तर २.१२ येतं. हा सम अंकाचा नियम, आणि त्याच नियमाने २३७.५ किलोचे २.३८ होतात. लक्षण सारखंच, कारणं दोन. दोन्ही एकाच बग रिपोर्टमध्ये (प्रोग्राममधली चूक कळवणाऱ्या टिपणात) कोंबली की उत्तर देणारा एकाचं कारण सांगतो आणि दुसरं तसंच राहून जातं, म्हणून रिपोर्ट वेगळे ठेवा हा तुमचा आग्रह अगदी योग्य होता.

रिपोर्टच्या शीर्षकाबद्दलही तसंच. 'राउंड चुकतं' नाही, तर 'राउंड(२.१२५, २) चं उत्तर २.१२, अपेक्षित २.१३'. आणि ही अपेक्षा भाषेच्या माहितीतल्या कोणत्या वाक्यावरून केली, तेही जोडायचं. ते वाक्य शोधायला गेलं की पुष्कळदा तिथेच उत्तर मिळतं: राउंडच्या अधिकृत माहितीत २.६७५ चंच उदाहरण देऊन हा बग नव्हे असं लिहिलेलं आहे.

दुरुस्तीही नेमकी दिलीत. काट्यावरचं वजन मजकूर म्हणून घ्यायचं, डेसिमल('२६७.५') करून १०० ने भागायचं आणि क्वांटाइझ करताना (दोन दशांश स्थळांवर आणताना) राउंड_हाफ_अप, म्हणजे 'अर्धा वर न्या', हे न चुकता लिहायचं. ते गाळलं तर डेसिमलही सम अंकाकडेच जातं. २.६७५ चे २.६८ बरोबर येतात, त्यामुळे काम झालंसं वाटतं, २.१२५ टाकल्याशिवाय गफलत दिसत नाही.

तुम्ही सुचवलेली चार वजनं आता प्रत्येक बदलानंतर तपासली जातात: १६७.५, २१२.५, २३७.५, २६७.५. उत्तरं १.६८, २.१३, २.३८, २.६८ अशीच यायला हवीत. हमाली आणि तोलाईच्या पैशांनाही आता हीच पद्धत लावतो आहोत.

ताई, एवढ्या बारकाईने वेळ दिलात, मनापासून आभार.

आपले नम्र,
लातूरच्या मोंढ्यातले प्रोग्रामर