आधी लोखंडी सांगाडा तपासा, मग पाडण्याचे ठरवा: गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: काळा घोडा येथील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन्स हॉटेल

महोदय,

2019 मध्ये ही इमारत रिकामी करण्यात आली. त्याच वर्षी एका तांत्रिक अहवालाने ती दुरुस्तीपलीकडे गेल्याचे सांगितले, तर वारसा-संवर्धनातल्या जाणकारांनी ती वाचवता येते असे मत दिले. या वादात एक साधी गोष्ट सतत निसटते. ही भिंतींवर उभी असलेली इमारत नाही. तिचा सगळा भार लोखंडी सांगाड्यावर आहे आणि विटांच्या भिंती त्या सांगाड्यात नुसत्या भरलेल्या आहेत. त्यामुळे भिंत फुगली, सज्जा लोंबला, लाकूड कुजले, यावरून सांगाड्याचा निकाल लावता येत नाही. दोन्हींची तपासणी वेगवेगळी व्हायला हवी.

हा सांगाडा काय आहे, ते थोडे सविस्तर सांगतो. जॉन वॉटसन या कापडाच्या व्यापाऱ्याने 26 ऑगस्ट 1867 रोजी ही जागा 999 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली, वार्षिक भाडे 92 रुपये 12 आणे. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या लोखंडी छताचे आणि अल्बर्ट पुलाचे काम करणारे हेच अभियंता. सांगाड्याचे भाग इंग्लंडमध्ये डर्बीच्या फीनिक्स फाउंड्रीत तयार झाले, जहाजाने मुंबईत आले आणि इथे जोडले गेले. 1869 पर्यंत उभारणी झाली आणि 1871 मध्ये हॉटेल सुरू झाले. खोल्या 130. बाहेरच्या भिंतींसकट सगळे वजन लोखंडावर घेणाऱ्या, माणसांनी राहण्यासाठी बांधलेल्या बहुमजली इमारतींपैकी जगातल्या अगदी सुरुवातीच्या इमारतींत तिची गणना होते.

7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा भारतातला पहिला खेळ इथेच झाला. सहा छोटे चित्रपट, तिकीट एक रुपया. जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधले, ही गोष्ट मात्र दंतकथा म्हणूनच घ्यावी. इमारत ठेवण्यासाठी तिची गरज नाही आणि पाडण्यासाठी तर नाहीच. 1903 मध्ये ताज सुरू झाल्यावर वॉटसन्स मागे पडले. हॉटेल बंद झाल्यावर मोठ्या दालनांचे छोटे गाळे झाले, वकिलांच्या कचेऱ्या आणि दुकाने आली, आणि खरी हानी तिथून सुरू झाली.

ती कशी होते, ते पाहा. गाळ्यात पोटमाळा चढतो आणि त्याच्या तुळया मूळ खांबांना छेद देऊन अडकवल्या जातात. वर विटांच्या आडभिंती, कागदपत्रांची कपाटे, गच्चीत पाण्याच्या टाक्या. हजार लिटरची एक टाकी भरली की एक टन वजन, तेही एकाच जागी. शौचालयांच्या गळक्या नळांचे पाणी भिंतीत मुरते. चुन्याच्या जागी सिमेंटचा गिलावा केला की तो लोखंडालगत चिरतो. फटीतून आत गेलेले पाणी मग बाहेर पडत नाही. गंजलेले लोखंड मूळ धातूच्या कित्येक पट जागा घेते आणि विटांना आतून बाहेर ढकलते. रस्त्यावरून दिसते ती फुगलेली भिंत. सज्जांची स्थिती याहून वाईट असते, कारण सज्जा बाहेर झुकलेला असतो आणि त्याच्या वरच्या बोल्टांवर ताण येतो. जुलै 2005 मध्ये पश्चिमेकडचे सज्जे कोसळून एकाचा जीव गेला. धोका खरा आहे, तो आम्ही अजिबात नाकारत नाही.

पण बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, खांब गंजाने सहसा सावकाश झिजतो. बीड दाबाला मजबूत, ताणाला आणि धक्क्याला ठिसूळ. म्हणून प्रत्येक खांबाला क्रमांक देऊन तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, जाडी. जुने पोकळ खांब बहुधा आडव्या साच्यात ओतले जात आणि पोकळी ठेवणारा आतला गाभा वर सरकला की एक बाजू पातळ राही. परिघावर 120 अंशांच्या अंतराने तीन बारीक भोके पाडून जाडी मोजली की हे लगेच कळते. फक्त बाहेरचा व्यास घेऊन केलेले गणित फसवे असते. दुसरी, तडे. रंग काढल्याशिवाय ते दिसत नाहीत. रंग खरवडून भेदक द्रावाची, म्हणजे तड्यात शिरून तो दाखवून देणाऱ्या रंगीत द्रवाची, चाचणी करावी. जुन्या रंगात शिसे असते, त्यामुळे कोरडे घासणे कामगारांना घातक. आधी रंगाची तपासणी हवीच. तिसरी, धातू. कमी भाराच्या जागेचा छोटा तुकडा काढून प्रयोगशाळेत द्यावा, म्हणजे बीड कुठे आणि घडीव लोखंड कुठे ते निश्चित होते. दोन्हींची दुरुस्ती वेगळी.

सर्वात जास्त नुकसान चुकीच्या दुरुस्तीतच होते. बिडाच्या तड्यावर साधे वेल्डिंग मारले की शेजारचा भाग कडक होऊन थंड होताना पुन्हा तडकतो, बहुतेक वेळा आधीपेक्षा लांब. त्याऐवजी तड्याला आडवी भोके पाडून धातूच्या छोट्या पट्ट्या ठोकून बसवण्याची थंड शिवण वापरतात. टेकू लावतानाही चूक होते: एका मजल्याचा टेकू खालच्या मजल्याच्या तुळईवर उभा करून काम भागत नाही, तो प्रत्येक मजल्यातून एकाच रेषेत जमिनीपर्यंत न्यावा लागतो. भार वरून खाली आणि दोन्ही बाजूंनी सारखा उतरवायचा: आधी टाक्या, मग आडभिंती, मग पोटमाळे. एकाच बाजूच्या भिंती काढल्या तर सांगाडा एका अंगाने झुकू शकतो. उघडे केलेले लोखंड त्याच दिवशी जस्ताच्या प्राइमरने झाकायला हवे, समुद्राच्या हवेत ते रात्रभरात पुन्हा लालसर होते. म्हणून लोखंड उघडे करण्याचे काम पावसाळ्यानंतरच सुरू करावे.

हे काम म्हाडाच्या नेहमीच्या दुरुस्ती-निविदेत बसणार नाही, हेही मान्य करायला हवे. उपकरप्राप्त इमारतींसाठी, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींसाठी, दर चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा असते. ती चाळींसाठी ठरलेली आहे, लोखंडी सांगाड्यासाठी नाही. मर्यादा ओलांडली की फाइल आपोआप पाडकामाकडे वळते. वारसा श्रेणी दोन-अ असलेल्या इमारतीच्या बाबतीत हे घडू नये. तिच्यासाठी वेगळा निधी आणि लोखंडाच्या दुरुस्तीचा अनुभव असलेला ठेकेदार, दोन्ही हवे. वारसा इमारतींसाठीच्या विकास हक्क हस्तांतरणातून (न वापरलेले बांधकामाचे हक्क दुसरीकडे विकण्यातून) त्यातला काही खर्च निघू शकतो.

अपोलो बंदरावरचे ग्रीन्स हॉटेल आठवा. ते पाडून तिथे ताजचा मनोरा 1973 मध्ये उभा राहिला आणि जुन्या इमारतीबद्दल आता जे काही सांगता येते ते छायाचित्रांवरूनच. त्या छायाचित्रांत एकाही सांध्याचे माप नाही.

आमची मागणी मोजकी आहे. सांगाड्याचा स्वतंत्र अहवाल, खांबवार मापांसह, जाहीर व्हावा. तोवर पाडकामाचा कोणताही आदेश निघू नये. धोकादायक सज्जे मात्र आजच उतरवावेत आणि उतरवलेल्या प्रत्येक भागाला क्रमांक देऊन तो जपून ठेवावा. बाहेर पडलेल्या गाळेधारकांना त्यांच्या क्षेत्रफळाचे लेखी प्रमाणपत्र मिळावे, म्हणजे हक्क जाईल या भीतीने दुरुस्तीला होणारा विरोध थांबेल. आणि काम सुरू होण्याआधी संपूर्ण इमारतीचे लेसर मोजमाप करून त्याची एक प्रत पुराभिलेख संचालनालयाकडे द्यावी.

आपले,
जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करणारे वास्तुविशारद व स्थापत्य अभियंते