घर बघताना पाण्याचं नाही, चिलरचं विचारा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत दुबईला नोकरीला जाणाऱ्या आपल्या भागातल्या पोरांवर अख्खं पान होतं. व्हिसा, पगार, कागदपत्रं सगळं नीट लिहिलं होतं, पण घराबद्दल एकच ओळ, की शारजात भाडं कमी आहे तिथं राहावं आणि दुबईला कामाला जावं. ती ओळ वाचून माझा चहा गार झाला बघा. मी 2008 ला गेलो आणि 2022 ला परत आलो, चौदा वर्षं तिथं काढली, त्यातली पहिली तीन याच सल्ल्यापायी रस्त्यावर गेली. आता बहिणीच्या पोराला दुबईच्या जेबेल अली भागातल्या एका कंपनीची ऑफर आलीय, तर त्यानं तुमचंच पान माझ्यापुढं धरलं, मामा बघा पेपरात पण हेच दिलंय म्हणून. तेव्हा लिहायलोय. लांबलं तर कापा, पण शारजाचं तेवढं ठेवा.

आपल्या लातुरात भाड्याचं घर बघायला गेलं की माणूस भाडं नंतर विचारतो. आधी नळाला किती दिवसाला पाणी येतं, मग बोअर आहे का, मग तो बोअर एप्रिलात चालतो का नुसता दाखवायला आहे. ट्यूशन एरियात पोरांना रूम बघणारे आईबाप पण हेच विचारतात. 2016 ला तर मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, 12 एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर, आणि त्याच्या आधी टाक्यांपाशी भांडणं नकोत म्हणून 144 कलम लावलं होतं. त्यामुळं दुबईत पहिल्यांदा रूम बघायला गेलो तेव्हा मी पण एजंटला हेच विचारलं, भाई पाणी कितने दिन में आता है. तो माणूस माझ्याकडं बघतच राहिला. त्या वाळवंटात नदी नाही, मांजरा धरणासारखं धरण नाही, समुद्राचं खारं पाणी गोड करून नळाला सोडतात आणि ते चोवीस तास येतं. पाणी हा तिथं घर निवडायचा मुद्दाच नाही. तिथला मुद्दा ऊन आणि घड्याळ, आणि हे इथून जाणाऱ्याला कुणी सांगत नाही.

आता शारजा. शारजा वेगळं, दुबई वेगळं, दोन वेगळ्या अमिराती आहेत पण मधे आपल्या औसा रोड आणि बार्शी रोडएवढं पण अंतर वाटत नाही. अल नहदा नावाची वस्तीच दोन आहेत, एक दुबईची एक शारजाची, या गॅलरीतून त्या बाजूची धुणी दिसतात. नकाशा बघून माणूस फसतो तो इथंच. माझं काम दुबईत अल कूजला गोडाऊनमधे, राहायला शारजात, आणि जायला कार लिफ्ट, म्हणजे कुणाच्या तरी गाडीत चौघांनी महिन्याचे पैसे देऊन बसायचं. सकाळी सव्वापाचला खाली उभं राहायचं कारण सहा वाजले की अल इत्तिहाद रोड गच्च भरतो, आणि संध्याकाळी परत तेच, उलट्या बाजूनं. दिवसाला साडेतीन तास धरा, महिन्याचे सव्वीस दिवस, नव्वद तास झाले. नव्वद तास गाडीत बसून भाड्यात जे वाचलं ते कार लिफ्टवाल्यानं आणि पाठदुखीच्या डॉक्टरनं नेलं. आता तर माझे तिकडचे मित्र सांगतात की टोल पण महागलाय, सालिक म्हणतात त्याला, 2025 पासून गर्दीच्या वेळेला एका गेटला सहा दिरहम, म्हणजे कार लिफ्टवाला पण वाढवून मागणारच. नोकरी शारजात किंवा अजमानला असंल तर खुशाल शारजात राहा, घरं मोठी मिळतात, वाईट काहीच नाही. पण जेबेल अली दुबईच्या पार दुसऱ्या टोकाला आहे हो, शारजातून रोज तिकडं जाणं म्हणजे निलंग्याहून रोज अंबाजोगाईला शाळेला जाण्यातली गत.

2011 च्या सप्टेंबरात मेट्रोची ग्रीन लाइन सुरू झाली आणि मी महिन्याभरात शारजा सोडून दुबईत कुसैसला रूम घेतली. भाडं जास्त होतं, दोघं मित्र मला येडा म्हणले. पण ग्रीन लाइननं यूनियनपर्यंत यायचं, तिथं रेड लाइन पकडायची, पुढं फीडर बस, आणि कितीही गर्दी असली तरी वेळ तीच. घरी येऊन भाकरी टाकायला जीव राहायचा. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की आधी कामाचं ठिकाण, मग मेट्रोचं स्टेशन, मग घर. भाडं सगळ्यात शेवटी.

स्टेशनपासून घर किती लांब ते पण बघावं आणि हे जानेवारीत बघू नये. जानेवारीत दुबई म्हणजे आपल्या महाबळेश्वरसारखी, कुठंही चालत जावंसं वाटतं. एजंट म्हणतो आठ मिनिटं चालत, मोबाइलचा नकाशा पण आठच म्हणतो, पण ऑगस्टमधी त्या आठ मिनिटात शर्ट पिळून काढावा लागतो. आपला मे महिना कडक असतो पण कोरडा असतो, लिंबाखाली थांबलं की बरं वाटतं, तिथं समुद्राची दमट हवा, एसीतून बाहेर आलं की चष्म्यावर वाफ धरते, पुसेपर्यंत काही दिसत नाही. उगीच नाही सरकारनं 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवलंय. तेव्हा घर बघायला दुपारी दोनला जायचं आणि स्टेशनपासून चालतच जायचं. सावली कुठं आहे, बस स्टॉपला एसी आहे का, मधे सहापदरी रस्ता आडवा आहे का. रस्ता आडवा असला तर समोर दिसणारी बिल्डिंग वीस मिनिटावर जाते कारण पूल लांब असतो.

आता चिलर, म्हणजे बिल्डिंगच्या एसीसाठी पाणी थंड करणारं मशीन. ही गोष्ट मला चांगलीच चावली म्हणून जरा सविस्तर सांगतो. 2015 ला बायकोला नेलं तेव्हा जरा नव्या बिल्डिंगमधे फ्लॅट घेतला, स्वच्छ, लिफ्ट चकाचक, भाडं पण जुन्या फ्लॅटच्या आसपासच, मी खूश. नंतर कळलं की एसीचं थंड पाणी बाहेरच्या एका प्लांटमधून येतं आणि त्याचं बिल वेगळ्या कंपनीचं, लाइटबिलात नाही. 2016 च्या एप्रिलला बायको बाळंतपणाला लातूरला आली, मे मधे मी महिनाभर सुट्टीवर आलो, फ्लॅट कुलूप लावून एसी पूर्ण बंद. इकडं घरी हंडे मोजायलोत, पोरगी तेरा दिवसाची, बाळंतिणीच्या पाण्यासाठी टँकरवाल्याच्या हातापाया पडायलो, आणि मोबाइलवर मेसेज की तुमचं कूलिंगचं बिल आलंय. बंद घराचं! फोन केला तर म्हणले की वापराचे पैसे वेगळे आणि जोडणीचा ठरलेला आकार वेगळा, तो एसी चालो न चालो भरावाच लागतो. माझी चूक, करार इंग्रजीत होता आणि मी शेवटचं पान वाचलंच नव्हतं. म्हणून घराच्या जाहिरातीत चिलर फ्री लिहिलंय का बघावं, म्हणजे थंडाव्याचे पैसे मालक भरणार. लिहिलं नसंल तर आधीच्या भाडेकरूचं जुलै महिन्याचं बिल मागावं. जुलैचंच, डिसेंबरचं दाखवतात ते. करामा, बर दुबईकडच्या जुन्या बिल्डिंगांत खिडकीचे एसी असतात, खडखड वाजतात पण बिल एकच येतं.

पैशाचा हिशोब पण सांगतो कारण इथून जाणारा महिन्याच्या भाड्याची गणितं करून जातो. तिथं भाडं वर्षाचं बोलतात आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात, एक, दोन, चार, कुणी कुणी बारा पण घेतो पण मग भाडं वाढवून सांगतो. समजा वर्षाला 60,000 दिरहम आणि चार चेक. पहिला चेक 15,000, डिपॉझिट पाच टक्के म्हणजे 3,000 (सामानासकट घर असंल तर दहा टक्के), एजंट साधारण पाच टक्के म्हणजे अजून 3,000, लाइटपाण्याचं डिपॉझिट फ्लॅटला 2,000. झाले 23,000, आपले पाच लाखाच्या वर, आणि अजून गादी पण घेतली नाही. शिवाय वर्षाच्या भाड्याच्या पाच टक्के म्युनिसिपालटीची हाउसिंग फी, ती बारा भागात लाइटबिलातून जाते, म्हणजे महिन्याला 250. पहिला पगार व्हायच्या आधी हे कुठून आणायचं? म्हणून ऑफर घेतानाच कंपनीला विचारावं की भाड्याला ॲडव्हान्स देता का. लाजायचं नाही. बऱ्याच कंपन्या देतात आणि पगारातून कापतात.

एवढे पैसे नसतात म्हणूनच पोरं बेडस्पेस नाहीतर पार्टिशन घेतात. बेडस्पेस म्हणजे खोलीतली एक खाट, पार्टिशन म्हणजे हॉलमधे प्लायवूड मारून केलेला कप्पा. मी पण राहिलोय, नावं ठेवत नाही. एका माणसानं माझ्याकडून दोन महिन्याचे रोख घेतले, पावती नाही काही नाही, आणि पंधरा दिवसात मूळ मालकानं सगळ्यांना बाहेर काढलं, तो माणूस फोन उचलंना. 2025 च्या जूनपासून तर दुबई म्युनिसिपालटीनं रिग्गा, मुरक्कबात, सतवा, बर्शा, रफा या भागात बेकायदेशीर पार्टिशनवर धाडी घातल्यात. तेव्हा एवढंच बघावं की घराचा करार इजारीत, म्हणजे सरकारी नोंदीत आहे का आणि त्यात राहणाऱ्यांत आपलं नाव आहे का. ज्याच्या नावावर करार आहे त्याला तिथला कायदा चांगला सांभाळतो, भाडं वाढवायचं तर मालकानं 90 दिवस आधी कळवायचं, वाढ सरकारी इंडेक्स सांगंल तेवढीच, आणि स्वतःला राहायला किंवा विकायला घर खाली पाहिजे असंल तर 12 महिन्याची नोटीस. आपल्याकडं अकरा महिन्याचा करार संपला की मालक दारात उभा असतो. प्लायवूडच्या मागं राहणाऱ्याला मात्र यातलं काहीच नाही.

वस्त्यांचं म्हणाल तर कुटुंब असंल आणि मराठी-हिंदी कानावर पडावं वाटत असंल तर करामा आणि बर दुबई अजून पण चांगलं, खाली भाजी मिळते, कोथिंबीर मिळते, मीना बाजार चालत, क्रीक म्हणजे खाडी ओलांडायला आबऱ्याला, म्हणजे छोट्या होडीला, एक दिरहम. पूर्वी लोक बर दुबईतल्या देवळाजवळ म्हणून पण घर घ्यायचे, त्यातलं शंकराचं जुनं देऊळ 2024 च्या जानेवारीत जेबेल अलीच्या नव्या देवळात गेलं, तेव्हा ते कारण आता फारसं राहिलं नाही. पोरं शाळेची असतील तर कुसैस, नहदा किंवा ऊद मेथा, आपल्या भारतीय शाळा तिकडं आहेत. इंटरनॅशनल सिटी स्वस्त आहे, ड्रॅगन मार्ट शेजारी, पण मेट्रो नाही. ब्लू लाइन येणार म्हणून एजंट आतापासूनच भाव सांगायलेत आणि ती लाइन 2029 ला व्हायची आहे, आपल्या पोराचा करार तोपर्यंत संपला पण असंल. मरिना वगैरे फिरायला जावं, फोटो काढावेत आणि परत यावं.

आणि पाऊस! हसू नका. 2024 च्या 16 एप्रिलला तिकडं 75 वर्षात झाला नव्हता असा पाऊस पडला, अल ऐनकडं एका ठिकाणी चोवीस तासाच्या आत 254 मिलिमीटर. ज्या गावात पावसाचा विचारच नाही तिथं पाणी जाणार कुठं. शारजात राहणारा माझा एक मित्र तीन दिवस चौथ्या मजल्यावरच होता, खाली गाडी बुडाली, दोरीनं बादली सोडून दूध वर घेतलं. तेव्हा तळमजला घेऊ नये आणि त्या वर्षी गल्लीत पाणी किती दिवस होतं ते वॉचमनला विचारावं, एजंटला नाही. वॉचमन केरळचा नाहीतर पाकिस्तानचा असतो, चहा पाजला की सगळं खरं सांगतो, कोणत्या मजल्यावर झुरळं आहेत ते पण.

तेव्हा संपादक साहेब, पुढच्या पानात ती शारजाची ओळ तेवढी दुरुस्त करून छापा. आमचा भाचा सध्या डिस्कव्हरी गार्डन्सकडची एक रूम बघायलाय, तिकडं 2021 पासून मेट्रो आहे आणि जेबेल अली जवळ पडतं. मालक चार चेक म्हणतोय, सहा होतात का विचार म्हणलंय. आणि तिथं सध्या राहणाऱ्या भाडेकरूचं जुलैचं बिल मागितलंय, ते अजून आलं नाही.

आपला,
एक जुना वाचक
औसा रोड, लातूर