घरच्या मेल सर्व्हरला वाट द्या

महोदय,

विजेच्या देयकापासून म्युच्युअल फंडाच्या विवरणापर्यंत सारे ज्या ई-मेल खात्यावर येते, ते खाते आपले नसून कंपनीने वापरू दिलेले असते, हे मला कळले तेव्हा माझे बारा वर्षांचे खाते ‘संशयास्पद हालचाल’ एवढ्याच कारणाने बंद झाले होते आणि दाद मागायला ना खिडकी होती ना माणूस. तेव्हापासून नौपाड्यातील घरी, शिलाई यंत्राशेजारी ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपवर मी स्वतःचा मेल सर्व्हर, म्हणजे ई-मेल घेणारी व पाठवणारी यंत्रणा, चालवतो. डोमेन (पत्त्यातील @ नंतरचे नाव) माझ्या नावावर असल्याने सर्व्हर कुठेही हलवला तरी पत्ता तोच राहतो. वीज गेली तर काय, असे शेजारी विचारतात. परंतु १९८२ पासून चालत आलेल्या एसएमटीपी या ई-मेल पोहोचवण्याच्या पद्धतीत पाठवणारा सर्व्हर टपाल रांगेत ठेवून सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, त्यामुळे पावसाळ्यातील अंधारात माझे एकही पत्र हरवलेले नाही.

खरी अडचण पाठवण्याची आहे. घरगुती जोडणीवर २५ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे सर्व्हर एकमेकांना टपाल देतात ते दार, बहुधा बंद असते आणि स्थिर आयपी पत्त्याचे (इंटरनेटवरील न बदलणाऱ्या क्रमांकाचे) वेगळे पैसे पडतात. हे दोन्ही मिळवून, पत्र खरोखर माझ्याच डोमेनवरून आले हे पटवणाऱ्या एसपीएफ व डीकेआयएमच्या नोंदी बिनचूक करूनही भाचीला धाडलेले केळवणाचे आमंत्रण स्पॅममध्ये पडले (फोन केला म्हणून पंगत बसली). स्पॅम रोखण्यासाठी बंधने हवीत, हे मान्य. मात्र रीतसर अर्ज करणाऱ्या ग्राहकाला हे पोर्ट आणि रिव्हर्स डीएनएसची (आयपी पत्ता कोणत्या नावाचा आहे हे सांगणारी) नोंद वाजवी शुल्कात देण्याची अट दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सेवा पुरवठादारांना घालावी.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे