बाबा, खुर्ची उघडू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई सहज बोलून गेली की लाईट गेल्यावर ती मसाजच्या खुर्चीत आडवीच राहिली आणि बाबा बाजारातून येईपर्यंत उठता आलं नाही. आई, हे तू मला चार दिवसांनी सांगितलंस. तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही.

आधी तेवढंच लिहिते. लाईट गेली की मोटर थांबते आणि खुर्चीची पाठ जिथे असेल तिथेच राहते. ती बिघडलेली नसते. अशा वेळी पाय ओढून काढायचे नाहीत. पोटऱ्या दाबणाऱ्या पिशव्यांतली हवा उतरू दे, मग एकेक पाय सोडव. खुर्चीच्या वर उचललेल्या, पाय ठेवायच्या भागावर भार देऊन उतरू नकोस, तो माणसाचं वजन पेलायला केलेला नाही. लाईट आली की खुर्ची आपणहून सुरू होणार नाही. रिमोटचं मुख्य बटण एकदा दाबायचं, म्हणजे पाठ सरळ होते. चिपळूणच्या पावसात लाईट जाणारच, म्हणून बाबा घरात नसताना आईने खुर्चीत बसायचं नाही. आपल्या वायरमनकाकांना विचारून तो प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घेता येतो का, तेही बघा. दीड-दोनशे वॅटचंच काम आहे.

बाबा, वीस मिनिटांनी खुर्ची बंद पडते तो टायमर आहे. पण गणपतीत पाहुण्यांना ओळीने बसवलंत आणि ती मध्येच थांबली, तेव्हा मोटर तापली असणार. तासभर थंड होऊ द्यायची. अजिबातच चालू झाली नाही तर दुसरं काहीतरी त्या प्लगला लावून बघा, मग खुर्चीच्या मागचा खालचा स्विच बघा. झाडू मारताना तो बंद होतो. त्याच्याशेजारी काचेचा छोटा फ्यूज असतो, पण तो प्लग काढल्याशिवाय हातात घेऊ नका आणि बदलायचा तर तितक्याच अँपिअरचा आणा.

डावी पोटरी दाबत नाही आणि फुस्स आवाज येतो म्हणालात. हवेची नळी दुमडली असेल किंवा उंदराने कुरतडली असेल. दुमडलेली असेल तर सरळ करता येते. कुरतडलेल्या नळीला चिकटपट्टी टिकत नाही, ती बदलावीच लागते. तुम्ही स्क्रू काढायला घेतलेत असं आई म्हणाली. कृपा करून थांबा. आत वीज आहे, बोटं चिरडतील असे गिअर आहेत, आणि तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नाहीत.

आणखी एक, आणि हे मला खुर्चीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. बाबा, साखरेमुळे तुमचे तळवे बधिर झाले आहेत. गरम शेकाचं बटण तुम्ही लावायचंच नाही, भाजलं तरी तुम्हाला कळणार नाही. आईची हाडं ठिसूळ आहेत, तेव्हा पाठीला जोर सगळ्यात कमी, तोही डॉक्टरांना विचारल्यावरच.

शनिवारी सकाळच्या जनशताब्दीने येते आहे. मेकॅनिकला त्याच दिवशी दुपारी बोलावलं आहे. तोवर प्लग काढूनच ठेवा.

तुमची,
शुभा