वकीलताई, ती खाडाखोड आम्ही जपून ठेवली आहे

वकीलताई, जोहार.

वनहक्काच्या जमिनीचा पट्टा घरात येऊन आज बारा दिवस झाले. आईने तो कणगीमागच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलाय आणि रोज एकदा काढून बघते. तिला वाचता येत नाही, पण बाबांच्या नावाशेजारी आपलं नाव कुठे आहे ते नेमकं ठाऊक झालंय. पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लागतं, असं तुम्ही सांगितलं होतं तेव्हा तिला खरं वाटलं नव्हतं.

तुमच्याआधी आम्ही काय काय पाहिलं! एकाने फाइल पुढे सरकवतो म्हणून पैसे नेले, ते पुन्हा तोंड दाखवलं नाही. मतं मागायला आलेल्यांनी पट्टे तर अगदी हातात दिल्यासारखे बोलून दाखवले. शेवटी दावा फेटाळल्याचा कागद आला, त्यावर दोनच शब्द : पुरावा अपुरा. टेबलामागचा माणूस बाबांना म्हणाला, उपग्रहाच्या फोटोत तुमचं शेत दिसत नाही. जिथे आजोबांनी राब भाजून नागली लावली, ती जमीन फोटोत दिसली नाही म्हणून आमची नव्हतीच!

13 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढायला सांगितलं. 28 तारखेला त्याला स्थगिती मिळाली. ते पंधरा दिवस बाबा रात्री कांबळं घेऊन शेतावर जाऊन बसायचे. कोण येणार होतं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

तुम्ही अपिलासाठी किती खेटे घातलेत ते इथे लिहीत बसत नाही. पण दोन गोष्टी लिहायच्याच आहेत.

जंगल खात्याने आजोबांना केलेल्या दंडाच्या पावत्या आम्ही लाजेपायी लपवून ठेवल्या होत्या. गुन्ह्याचा कागद कोण दाखवतं? तुम्ही त्या हातात घेतल्या आणि म्हणालात, ‘काका, दंड केला म्हणजे तुमचे वडील इथे कसत होते, हे त्यांनीच लिहून दिलंय.’ बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत.

आणि दुसरी गोष्ट आजीची, म्हणजे बाबांच्या आत्याची. वडीलधाऱ्या माणसाचा जबाब पुरावा म्हणून चालतो, हे वनहक्काच्या नियमांत 2008 पासून आहे. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तिचा अंगठा मात्र आजवर कितीतरी जणांनी घेतला, कधी कोऱ्या कागदावरसुद्धा. तुम्ही खाट नको म्हणालात, तिच्याशेजारी ओट्यावर मांडी घातलीत, ती बोलत गेली तसं लिहीत गेलात. मग सगळं तिला वाचून दाखवलंत आणि विचारलंत, ‘आजी, बरोबर लिहिलंय का?’

आजी म्हणाली, ‘नाय. मोहाचं झाड नाल्याला नाय, वरल्या अंगाला हाय.’

तुम्ही ती ओळ खोडलीत, पुन्हा लिहिलीत, पुन्हा वाचलीत. तिने आणखी दोनदा चूक काढली, तुम्ही आणखी दोनदा खोडलीत. कागद नवा घेतला नाहीत, प्रत्येक खोडीशेजारी तिचा अंगठा घेतलात. तीन खोडी, तीन अंगठे, खाली चौथा. ब्याऐंशी वर्षांच्या बाईचं म्हणणं ऐकून शिकलेल्या माणसाने आपलं लिहिलेलं खोडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून आजी ग्रामसभेत पुढे बसते.

ताई, आम्हाला दया दाखवणारे खूप भेटले. हातात बिस्किटाचे पुडे देऊन फोटो काढणारेही भेटले. तुम्ही आमचं खरं धरलंत. असं वागायला पैसा लागत नाही, पद लागत नाही, तरी इतकी वर्षं ते आमच्या वाट्याला का आलं नाही, हे मला अजून कळत नाही. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्ही पुन्हा कचेरीची पायरी चढलो. पाड्यातले अकरा दावे अजून अडकलेत. त्या घरांतली म्हातारी माणसं आता स्वतःहून म्हणतात, आमचाही जबाब लिहा.

जबाबाची झेरॉक्स पट्ट्याखालीच ठेवली आहे, खाडाखोडीसकट.

दिवाळीनंतर नागली खळ्यावर येईल. पहिली भाकरी तुमची. आजी रोज विचारते, ‘ती लिवणारी पोर कंदी येल?’ नाल्यापलीकडच्या बोरीचं सांगायचं राहून गेलंय म्हणते.